अकरा दिवस जागायचंय, खायचं काय?

प्रश्न : मी २० वर्षांचा आहे, कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. रँडी गार्डनर नावाच्या अमेरिकन मुलाने २६४ तास न झोपता काढले होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे मित्र तो रेकॉर्ड मोडून गिनीजमध्ये नाव घालणार आहोत. जागणार मी, बाकी तिघे आळीपाळीने लक्ष ठेवणार आणि यूट्यूबवर लाइव्ह दाखवणार. परीक्षेच्या वेळी मी ४० तास आरामात जागलोय, त्यामुळे सवय आहे. काय खावं, रोज किती कॉफी चालेल, मोडाफिनिल ही झोप घालवणारी गोळी घेऊ का, हे सांगा. फारच झोप आली तर बुलेटवर पन्हाळ्यापर्यंत एक चक्कर मारायची असं ठरलंय, गार वाऱ्याने झोप उडते. आई उगाच घाबरते, कारण मामाला पूर्वी मनाचा काहीतरी त्रास झाला होता आणि तो अजून लिथियमच्या गोळ्या घेतो. पण मला तसलं काही नाही.

उत्तर : प्रिय मित्रा, खाण्याचं नंतर बघू. आधी आकडा, कारण तिथेच गडबड आहे. २६४ तास गार्डनरचेच, पण गिनीजच्या नोंदींतला सगळ्यात मोठा आकडा तो नाही. १९८६ साली रॉबर्ट मॅकडोनल्ड यांच्या नावावर ४५३ तास ४० मिनिटं लागली आहेत, म्हणजे जवळजवळ १९ दिवस. आणि १९९७ पासून गिनीजने हा प्रकार घेणंच बंद केलं, कारण त्यात जिवाला धोका आहे. तेव्हा तू २६५ तास जाग नाहीतर ५०० तास जाग, नाव लागणार नाही.

आता तुझ्या पत्रातलं मामाबद्दलचं वाक्य. तू ते जाता जाता लिहिलंस, पण सगळ्या पत्रात वजन आहे ते त्यालाच. लिथियम मुख्यतः बायपोलर आजारासाठी दिलं जातं, म्हणजे ज्यात मन कधी उन्मादाच्या टोकाला जातं तर कधी खोल नैराश्यात. मामाचं निदान मी इथून करणार नाही, ते तू आईला नीट विचार. पण हा आजार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, तो पहिल्यांदा डोकं वर काढतो ते बहुतेकदा पंधरा ते पंचविशीच्या दरम्यान, आणि त्याला जागं करणाऱ्या गोष्टींत झोप मोडणं फार वरच्या क्रमांकावर आहे. आजार आधीपासून असलेल्या माणसाला एका रात्रीच्या जागरणानेसुद्धा उन्मादाचा झटका येऊ शकतो. 'मला तसलं काही नाही' असं वयाच्या विसाव्या वर्षी ठामपणे म्हणता येत नाही. आई उगाच घाबरत नाहीये.

यातली खूण घरात सगळ्यांना माहीत असावी. साधं जागरण झालेला माणूस दमलेला दिसतो, जांभया देतो, चिडतो, संधी मिळाली की लवंडतो. उन्मादाकडे निघालेला माणूस दोन-तीन तास झोपून ताजातवाना उठतो, भराभर बोलतो, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारतो, पैसे उधळतो आणि 'मला झोपेची गरजच उरली नाही' असं आनंदाने सांगतो. दोन रात्री जागूनही झोप येत नसेल तर त्याला तग धरणं म्हणू नये, मानसोपचारतज्ज्ञाला गाठावं. लगेच कुणी भेटत नसेल तर सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

एवढ्यावरही 'बघू, काय होतं ते' असं वाटत असेल, तर काय होतं ते लिहून ठेवलेलंच आहे. गार्डनर १७ वर्षांचा होता, सॅन डिएगोच्या शाळेत. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने २८ डिसेंबर १९६३ ला जागायला सुरुवात केली आणि ८ जानेवारी १९६४ ला थांबला. नौदलाचे डॉक्टर जॉन रॉस त्याच्यावर लक्ष ठेवून होते आणि स्टॅनफर्डचे झोपेचे अभ्यासक विल्यम डिमेंट मुद्दाम तिथे येऊन राहिले होते. तुझ्याकडे तीन मित्र आहेत, हा फरक लक्षात ठेव. दुसऱ्याच दिवशी त्याची नजर एका जागी ठरेना आणि हातातली वस्तू नुसत्या स्पर्शाने ओळखता येईना. तिसऱ्या दिवशी तोल ढळू लागला आणि जीभ वळवायला लावणारी वाक्यं म्हणता येईनात ('कच्चा पापड, पक्का पापड'सारखं काहीतरी समज). चौथ्या दिवशी रस्त्यावरची पाटी त्याला माणूस वाटली आणि आपण एक नामांकित फुटबॉलपटू आहोत असा भ्रम झाला. पुढे बोलणं जड झालं, वाक्यं अर्ध्यावर सुटू लागली. शेवटच्या दिवशी त्याला १०० मधून ७-७ वजा करत जायला सांगितलं. ६५ पर्यंत आला आणि गप्प बसला. का थांबलास म्हणून विचारलं, तर आपण काय करत होतो हेच तो विसरला होता.

हे वाचून कुणी म्हणेल, पण त्याला झालं तर काही नाही! चौदा तासांहून जास्त झोपला, उठला, शाळेत गेला. खरं आहे. पण पुढे साठीत त्याला निद्रानाशाचा जबर त्रास झाला आणि त्याने स्वतः त्याचा संबंध त्या अकरा दिवसांशी लावला. संबंध सिद्ध झालेला नाही. मात्र एका धडधाकट मुलावरून आपल्यालाही जमेल असं मानणं म्हणजे एक जण विहिरीत उडी मारून वर आला म्हणून पाण्याची खोली ठरवण्यासारखं आहे. त्याच्या पाचच वर्षं आधी, १९५९ मध्ये, पीटर ट्रिप नावाचा रेडिओ निवेदक न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये देणगी गोळा करण्यासाठी २०१ तास जागला. शेवटच्या टप्प्यात त्याला उत्तेजक औषधं दिली गेली होती. नसलेल्या गोष्टी त्याला दिसू लागल्या, आजूबाजूच्या डॉक्टरांवरही त्याचा विश्वास उरला नाही. शिकागोत ॲलन रेख्तशाफेन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना अजिबात झोपू दिलं नाही, तेव्हा ते ११ ते ३२ दिवसांत मेले किंवा मरणपंथाला लागले. मरण्याआधी ते नेहमीपेक्षा जास्त खात होते आणि तरी वजन घटत होतं. तू खाण्याचं विचारलंस म्हणून हे आठवलं.

'४० तासांची सवय आहे' असं तू लिहितोस. झोपेशिवाय राहण्याची सवय होत नाही. सवय होते ती न कळण्याची, आणि तुझी सगळी योजना इथेच कोसळते. झोपेची ओढ दोन गोष्टींनी ठरते. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि दर तासाला ओढ वाढवतं. दुसरं म्हणजे अंगातलं घड्याळ, ते तुझ्या जागण्याकडे न बघता आपल्या चालीने फिरतं. पहाटे तीन ते सहा त्याचा काटा तळाशी असतो : अंगाचं तापमान उतरतं, थंडी वाजते, डोळे जड होतात. मग सकाळी दहाच्या सुमारास काटा वर येतो आणि रात्रभर जागलेल्याला एकदम हुशारी वाटते. 'सुटलो, आता काही होत नाही!' साठलेलं ॲडेनोसिन तेवढंच असतं, फक्त घड्याळाने तात्पुरता हात दिलेला असतो. परीक्षेचे तुझे ४० तास बहुधा असे दोन उजेडाचे चढ पकडून निघाले. दुसऱ्या पहाटेचा उतार पहिल्यापेक्षा खोल असतो, तिसऱ्या पहाटेचा त्याहून.

२००३ मध्ये छापून आलेल्या एका गाजलेल्या प्रयोगात लोकांना दोन आठवडे रोज फक्त सहा तास अंथरुणात घालवू दिले. शेवटी त्यांचं लक्ष एक रात्र अजिबात न झोपलेल्यांइतकं चुकू लागलं होतं. त्यांना विचारलं तर म्हणायचे, थोडीशी झोप येते, बाकी ठीक. सबमिशनच्या महिन्यात तुमच्या हॉस्टेलवर सगळे याच अवस्थेत असतात, ते जाऊ दे. मुद्दा असा की झोपमोडीत सगळ्यात आधी जी यंत्रणा बिघडते तिलाच आपण 'मी ठीक आहे का?' असं विचारत असतो. त्यामुळे 'त्रास वाटला तर थांबेन' हा नियम पहिल्या तासाला शहाणपणाचा वाटतो आणि साठाव्या तासाला त्याला काही अर्थ उरत नाही.

मित्र थांबवतील म्हणशील. गार्डनरच्या वेळी लक्ष ठेवणारा वर्गमित्र त्याच्याबरोबर जागत राहिला. तीन रात्रींनंतर त्याला जाग आली तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता आणि टिपणं वहीऐवजी भिंतीवरच लिहीत होता. मग तिसरा मुलगा मदतीला घ्यावा लागला. शिवाय तुमच्या कॅमेऱ्याला झोप दिसणारच नाही. डुलकी तीन-चार सेकंदांची असते आणि कित्येकदा डोळे उघडे असतात. जागं राहायला भाग पाडलेल्या उंदरांच्या मेंदूत पेशींचे लहान लहान गट आळीपाळीने बंद पडताना मोजले गेले आहेत, उंदीर इकडेतिकडे फिरत असतानाच. माणूस खरंच सलग जागा होता हे सिद्ध करायचं तर डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूचा आलेख अखंड नोंदवावा लागेल. तो नसेल तर पाहणारे म्हणणार, मधे झोपला असेल, आणि त्यांचं चुकणार नाही.

बुलेट आणि पन्हाळा हे वाचून मात्र अंगावर काटा आला. हिशेब करू. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी लागली तर ६७ मीटर गाडी कुणीच चालवत नाही. पन्हाळ्याच्या चढावर ६७ मीटर सरळ रस्ता कुठे आहे ते तूच आठव. २४ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.१० टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. गार वारा, मोठ्याने गाणी, तोंडावर पाणी यांचा परिणाम काही मिनिटं टिकतो, आणि ती मिनिटं संपतात तेव्हा तू घाटात असतोस. मागचे दोन किलोमीटर कसे गेले आठवत नाही, गाडी पांढऱ्या पट्टीवर सरकते, मान झटक्याने वर येते : यांपैकी एक जरी झालं तरी डुलकी लागून गेलेली आहे असं समजून गाडी बाजूला घ्यायची.

कॉफीचं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफिन ही वरची मर्यादा धरतात. इन्स्टंट कॉफीच्या एका सपाट चमच्यात साधारण ६०, घरच्या चहाच्या कपात ३० ते ५०, २५० मिलिलिटरच्या एनर्जी ड्रिंकच्या डब्यात ७५-८०. मेंदूत ॲडेनोसिन जिथे बसतं त्या जागा कॅफिन अडवतं, ॲडेनोसिन कमी करत नाही. दुकानदाराने उधारीची वही उलटी ठेवली म्हणून उधारी फिटत नाही, तसं. पोटात गेलेल्यातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनीही अंगात असतं. दोन दिवसांनंतर कॉफीने झोप हटत नाही, फक्त हात थरथरतात, छाती धडधडते आणि पोटात आम्ल वाढतं.

मोडाफिनिल नाही. ते डॉक्टरच्या चिठ्ठीचं औषध आहे, नार्कोलेप्सीसारख्या (दिवसा अनावर झोप येणाऱ्या) ठरावीक आजारांसाठी. क्वचित त्याने कातडी सोलवटणारी जीवघेणी ॲलर्जी होते, आणि ज्यांच्या घरात बायपोलर आहे त्यांच्यात ते उन्माद पेटवू शकतं. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून मिळेल, हे मला माहीत आहे. तरीही नाही.

अन्नाचं खरोखर थोडकंच आहे : झोपेची भरपाई करणारा पदार्थ नाही. जागरणात भुकेची संप्रेरकं बिघडतात, गोड-तळलेलं खावंसं वाटतं, आणि रात्री दोनला खाल्लेली मिसळ पहाटेपर्यंत छातीत जळत राहते.

आता तुम्हा चौघांनी सुट्टीत काय करायचं ते. आपल्या गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस, १६८ तास, वीणा खाली ठेवत नाहीत. पण वीणेकरी बदलतात. पहारे लावलेले असतात, आपला पहारा संपला की माणूस वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि घरी जाऊन झोपतो. तुमचं लाइव्ह तसं चालवा. २६४ तास हवेत तर अकरा दिवस, चार पहारे, प्रत्येकी सहा तासांचे : रात्री १० ते पहाटे ४, पहाटे ४ ते सकाळी १०, सकाळी १० ते दुपारी ४, दुपारी ४ ते रात्री १०. पहारे रोज फिरवायचे नाहीत. ज्याचा जो, तो शेवटपर्यंत त्याचा, कारण अंगातलं घड्याळ दिवसाला तास-दीड तासापेक्षा जास्त सरकत नाही. तुझा पहारा सकाळी १० ते ४, त्यावर घासाघीस नको, आणि रात्री ११ ते ७ झोप.

रात्रीचा पहारा त्याला, जो एरवीही दोनपर्यंत मोबाइलमध्ये असतो. त्याने सुरुवातीच्या तीन दिवस आधीपासून रोज तास-दीड तास उशिरा झोपायला लागावं आणि नंतर पहाटे साडेचार ते दुपारी बारा झोपावं. खिडकीला जाड चादर, कानात कापसाचे बोळे, फोन दुसऱ्या खोलीत. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दिवाळीचा फराळ द्यायला कुणीतरी नऊ वाजता उठवणारच. पहाटे ४ चा पहारा तालमीत जाणाऱ्या गड्याला. त्याला रात्री आठला आडवं व्हावं लागेल, हे चौघांत सगळ्यात अवघड. नरकचतुर्दशीच्या पहाटे मात्र त्याला सोबतीला सगळं गाव जागं मिळेल.

आणि दाखवायला काही हवं म्हणून मोजा. पहारा बदलताना दोघं हजर असतातच. ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. मोजला जाणाऱ्याने कोपर टेबलावर टेकवून अंगठा आणि तर्जनी दोन बोटं अंतरावर, पट्टीच्या शून्याशी धरायची. दुसऱ्याने काही न सांगता दोन ते आठ सेकंदांत केव्हाही पट्टी सोडायची. जिथे पकडली तो आकडा लिहायचा. १५ सेंटिमीटर म्हणजे ०.१७ सेकंद, २० म्हणजे ०.२०, २५ म्हणजे ०.२३, ३० म्हणजे ०.२५. अशा वीस वेळा. सरासरीच्या मागे लागू नका, किती वेळा पट्टी पार निसटली ते मोजा. झोपाळलेला माणूस दर वेळी थोडा मंद नसतो. तो बऱ्याचदा नेहमीसारखा असतो आणि मधेच एखाद्या वेळी जागेवरच नसतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाने पन्नासेक वेळा सराव करून मग नोंद सुरू करावी, नाहीतर सुधारलेला हात आणि वाढलेली झोप यांची सरमिसळ होते. प्रत्येक वेळी आधी 'आता किती झोप आलीये' याला १ ते ९ पैकी आकडा द्या. हे दोन रकाने किती जुळतात ते बघणं रेकॉर्डपेक्षा जास्त मजेचं आहे.

एखादी रात्र खरोखर जागावीच लागते, महाशिवरात्र असो, दवाखान्यात कुणाजवळ बसायचं असो किंवा पुण्यातली विसर्जन मिरवणूक. तेव्हा आदल्या दुपारी दीड तास झोपून घ्यायचं. रात्री मोठा मग एकदम पिण्यापेक्षा दर दोन तासांनी अर्धा कप घ्यायचा आणि पहाटे तीननंतर बंद. मधे २० मिनिटांची डुलकी, गजर लावून. अर्धा-पाऊण तास झोपलास तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पंधरा-वीस मिनिटं डोकं जागेवर येत नाही. दुसऱ्या दिवशी दिवसभर लोळायचं नाही. दुपारी जास्तीत जास्त दीड तास, मग रात्री नेहमीपेक्षा तास-दोन तास लवकर अंथरुणात. बुडालेले तास तासाला तास फेडावे लागत नाहीत, पहिल्या रात्री मेंदू गाढ झोपेचं प्रमाण आपणच वाढवून घेतो. झोपेची गोळी नको, दारू तर नकोच.

आणि तिघांपैकी कुणी तुझ्याऐवजी एकट्याने जागायचा हट्ट धरलाच, तर त्याला दिसू नये ते दिसणं, जीभ जड होणं, सोबतच्यांवर संशय घेणं यांपैकी काहीही झालं की लाइव्ह बंद, दिवा बंद, झोप. आकडी आली किंवा छातीत दुखलं तर १०८.

लाइव्हच्या शेजारच्या खोलीत एक गादी टाका. पहाटे ४ ला पहारा संपलेल्याने तिथेच झोपायचं, आणि बुलेटची किल्ली अकराही दिवस तुझ्या आईकडे.